बदलीची बाई

आजारातून उठून कामावर निघालेल्या माणसाला देवाच्या आधी मुकादम आठवतो. सकुबाईचं तसंच झालं होतं. ताप उतरला होता, पण पायांत बळ नव्हतं. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंतची उतरण ती बसत उठत उतरली. थंडीचे दिवस होते, गवत दवानं ओलं होतं, आणि तिच्या मनात एकच घोर होता, की आपली जागा राहिली असेल का.

डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. तिथल्या बायकांना एक टेम्पो रोज पहाटे गोळा करतो आणि मुरबाडच्या रस्त्यावरच्या कंपनीत नेऊन सोडतो. कंपनीत कोंबड्या कापतात, सोलतात, गार करतात आणि मुंबईला पाठवतात. फाटकावरच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण आजूबाजूची गावं तिला कोंबडी कंपनीच म्हणतात. सकुबाईचा नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा तो थेट पावसाच्या तोंडाशी परतायचा. त्यापेक्षा कंपनी बरी, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून ती इथे लागली होती.

या कंपनीत बायकांना रजा नव्हती, बदली होती. ज्या बाईला घरी राहायचं असेल तिनं आपल्याऐवजी दुसरी बाई पाठवायची. बदली आली तर जागा राहिली, नाही आली तर गेली. हजेरी मूळ बाईच्या नावावरच लागायची, त्यामुळे बदलीला कोणी नाव विचारत नसे. लेक, सून, जाऊ, कोणीही चाले. दोन हात असले म्हणजे झालं.

सकुबाईनं बदली पाठवली नव्हती. तिची लेक भूमिका शहापूरला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष होतं. आईनं अंथरूण धरल्यावर ती म्हणाली होती, "आये, मी जातेय ना चार दिवस. जागा गेली तर माझी फी कुठून भरशील?"

"त्या दाराच्या आत पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील," सकुबाईनं शपथच घातली होती.

आता पोरीला एवढी शपथ का घालावी, तर त्याला कारण होती रंगू.

रंगू म्हणजे सकुबाईची शेजारीण आणि आवणीतली, म्हणजे भाताच्या लावणीतली, जोडीदारीण. दोघींकडे डोंगराच्या कुशीतली भाताचं एकेक खाचर. आज तू माझ्या आवणीला ये, उद्या मी तुझ्या येते, असा त्यांचा लग्न होऊन आल्यापासूनचा रिवाज होता. सकुबाई डावरी. रोपांची मूठ बांधताना तिच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा. रंगू हसायची, म्हणायची, "सकू, तुझ्या मुठीचं भात जमिनीत खाली वाढेल गो." मुठींच्या ढिगातून सकूची मूठ लहान पोरालाही ओळखू यायची.

आवणी संपली की दोघींनी मिळून शेवटची मूठ बांधायची. एकीनं धरायचं, दुसरीनं गाठ मारायची, आणि दोघींनी म्हणायचं, "फिटली." मग ती मूठ बांधाच्या कोपऱ्यात रोवायची. गाठ सुटली तर देणंघेणं पुन्हा उघडलं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. ऐकणाऱ्या हसायच्या, पण गाठ मात्र घट्टच मारायच्या.

कंपनीत पहिली लागली रंगू. तिला कोल्ड रूम धुवायचं काम मिळालं. साफ केलेल्या कोंबड्या तिथे आकड्यांना टांगून ठेवतात. खिडकी नाही, दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आणि छताशी घरघरणारे पंखे. त्या गारठ्यात भिंतींवर काळी बुरशी धरायची. सकाळी पुसली की दोन दिवसांत पुन्हा उगवायची. पंख्यामागच्या कोपऱ्यात तर ती कायमच असायची, दाट, काळी, हात लावला तर मऊ लागणारी.

महिन्याभरात रंगूच्या हातापायांच्या बोटांची बेचकी पांढरी पडली, मग सोलली, मग चिरली. ती म्हणाली, चिखल्या आहेत. सगळ्याच म्हणाल्या. आवणीत चिखलात उभं राहून कोणाला चिखल्या होत नाहीत? मेंदी लावायची, मोहाचं तेल लावायचं, पाऊस उघडला की दिवाळीच्या उन्हात आपोआप बऱ्या होतात. रंगूनंही मेंदी लावली आणि दिवाळीची वाट पाहिली. दिवाळी झाली, होळी झाली, पण त्या कंपनीतला पाऊस काही उघडला नाही.

त्यात तपासणीचे साहेब यायचे असले की मुकादम महिपत सांगायचा, "पाणी मारू नको. भिंत वाळायला टाइम लागतो. कोरडाच ब्रश मार." कोरडा ब्रश मारला की बुरशीचा काळा भुगा उडायचा. नाकाला पदर बांधून रंगू तो घासायची. मग तिला खोकला लागला. आधी दोन कोरडे ठसके, मग शीळ घातल्यासारखा लांब श्वास. पाड्यात लांबूनही कळायचं, रंगू येतेय. टीबी म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यात सांगितलं, टीबी नाही, फुप्फुसात बुरशी धरली आहे. पाड्यावर कोणाला ते पटलं नाही. बुरा भाकरीला येतो, माणसाला कसा येईल?

रंगू खाटेवर असेपर्यंत सकुबाईच तिची बदली होती. गेल्या वर्षी भात कापणीला आलं तेव्हा रंगू गेली. आदल्या संध्याकाळी सकूचा हात धरून म्हणाली, "तुझे दिवस माझ्या अंगावर राहिले गो."

"राहू देत. मी काय मागायला येतेय?" सकू म्हणाली होती. पुढे रंगूची जागा तिलाच मिळाली. गमबूटही रंगूचेच मिळाले.

हे सगळं मनात घोळवत ती टेम्पोतून उतरली. फाटकाशी महिपत उभा होता. हात जोडावेत की पाय धरावेत, या विचारात असतानाच तो म्हणाला, "आलात? तब्येत बरी ना? काय घाई नव्हती. तुमची बदली सोन्यासारखी हाय."

सकुबाईच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. भूमिका. शपथ मोडली पोरीनं.

"पोरगी आली होती... माझी?"

"पोरगी कसली, तुमच्याच वयाची बाई होती. तोंडाला फडका. बोलणं नाय, चालणं नाय, काम मात्र एकदम फास्ट. तुमच्या पाड्यावरची, एवढंच म्हणाली." महिपत हसला. "तुमीच पाठवलीत आणि तुमीच इचारता?"

पोरगी नव्हे हे ऐकून तिच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. पाड्यावर येण्याजोगी बाई उरली होती कुठे? ज्या धडधाकट होत्या त्या भट्ट्यांवर गेल्या होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत बाईजामावशी भेटली. म्हातारी पिसं उपटायच्या यंत्रापाशी काम करायची आणि तिचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. आज मात्र ती दबक्या आवाजात बोलली.

"सकू, कोणाला पाठवलंस गो? बाई टेम्पोत बसली, पण भाकर खायाला बाहेर नाय आली. दिवसभर आतच. त्या गारठ्यात पायात काय नाय. मी बूट दिले तर म्हणते, माझे सकूकडे हायत."

"आणि?"

"आणि काय... खोकते." बाईजा तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. "तसा खोकला मी आधी ऐकलाय. आता नाव नको घ्यायला लावूस."

सकुबाईनं गमबूट चढवले. ते कधीच पुरते वाळायचे नाहीत, पण आज त्यांच्या आतला ओलावा तिला जास्तच गार लागला. पट्ट्यांचा पडदा बाजूला करून ती आत गेली आणि जागीच थांबली.

भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. आकड्यांना कोंबड्या रांगेत टांगलेल्या, पंखे घरघरत होते, क्लोरीनचा वास नाकात झोंबत होता, सगळं रोजचं. पण पंख्यामागचा तो कोपराही स्वच्छ होता. शिडी लावूनही सकुबाईचा हात तिथवर कधी पोचला नव्हता. खाली मोरीपाशी धुतलेली फडकी ठेवली होती. प्रत्येक फडक्याची गुंडाळी करून मधोमध सुतळीचा वेढा दिला होता. शेताच्या बांधावर आवणीच्या मुठी लावून ठेवतात तशा त्या मुठी ओळीनं मांडल्या होत्या.

फडकी अशी बांधायची सवय या कंपनीत एकाच बाईला होती.

सकुबाई पळाली नाही. पळायला अंगात ताकद लागते. ती तिथेच उपड्या बादलीवर बसली, आणि तिला रडू आलं. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. जन्मभर राबून मेलेल्या बाईला मेल्यावरही सुटी नसावी? तीही आपल्यापायी?

मग तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. भिंत पुसायला काही नव्हतं तरी पुसली.

दुपारी वीज गेली. इथे वीज जाते तेव्हा जनरेटर लागेपर्यंत थोडा वेळ मध्ये जातो. बाहेर लखलखीत ऊन होतं, पण कोल्ड रूममध्ये दिवस शिरायला वाटच नव्हती. पंखे मंद होत होत थांबले. आकड्यांवरून पाणी ठिबकत राहिलं. गार मांसाचा वास जरा जड झाला, आणि त्याच्या आडून दुसराच वास आला. ओल्या गोणपाटाचा, बंद कणगीचा, बुरा आलेल्या भाकरीचा.

आतल्या कोपऱ्यात कोणीतरी खोकलं. दोन कोरडे ठसके. मग शीळ घातल्यासारखा लांब श्वास.

सकुबाई आवाजाकडे वळली. मोठ्या कष्टानं ती म्हणाली, "रंगू... तू हायस?"

भिंतीवर फडकं फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. खालून वर, खालून वर.

"कशाला येतेस गो... दमली असशील."

फडकं थांबलं. अंधारातून आवाज आला, अगदी हळू, तोंडावर कापड धरून बोलावं तसा.

"तुझे दिवस... राहिले होते..."

"नाय राहिले. झाले सगळे." सकुबाईनं चाचपडत मोरीपाशी हात नेला, एक फडकं उचललं, त्याची गुंडाळी केली, आणि अंधारात पुढे धरली. "ये. मूठ बांधू. मग तू मोकळी."

मग गुंडाळीचं दुसरं टोक कोणीतरी धरलं. तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली. ओली, फुगलेली, बेचक्यांत सोललेली. सकुबाईनं सुतळीचा वेढा दिला आणि डाव्या हातानं गाठ मारली.

"फिटली," ती म्हणाली.

पलीकडून शब्द आला नाही. फक्त टोक सोडलं गेलं, नाइलाजानं सोडावं तसं.

वीज आली. खोलीत कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं. सकुबाईनं ती मूठ कनवटीला खोचली. आपण एक चांगलं काम केलं असं तिला वाटत होतं. संध्याकाळी निघताना मात्र तिनं सहज वर पाहिलं, तर पंख्यामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले होते.

घरी पोचेपर्यंत तिच्या अंगात पुन्हा कसर भरली. भूमिकानं पेज दिली, कपाळाला हात लावला. मग खाली मान घालून म्हणाली, "आये, एक सांगू? रागावशील."

"सांग."

"तू तापात बरळत होतीस तेव्हा मी गेले होते. कंपनीत."

सकुबाईनं पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"आत नाय गेले. त्या कोल्ड रूमच्या पडद्यापर्यंत गेले. मी पट्टी बाजूला करणार, तर आतून एका बाईनं हात बाहेर काढला. माझ्या छातीवर ठेवला आणि मागे ढकललं मला. म्हणाली, तू जा घरी, मी हाय तवर तुला आत येऊ देणार नाय. एवढा गार हात होता तिचा, आये. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर पुन्हा तेच. कोण गो ती?"

सकुबाईनं कनवटीची मूठ चाचपली. रंगू नुसतं देणं फेडायला येत नव्हती. ती दार अडवून उभी होती. आणि सकूनं, मोठ्या मनाचा आव आणून, तिला तिथून उठवलं होतं.

दिवस मावळताना महिपतचा फोन आला. तो भूमिकानंच घेतला. उद्या तपासणी आहे, कोल्ड रूमच्या भिंती काळ्या पडल्यात, सकुबाईंना पाठवा, नाहीतर बदली पाठवा. कोणीच आलं नाही तर जागा दुसरीला देतो. आणि हो, पाणी मारायचं नाही, कोरडाच ब्रश.

"मी जाणार," भूमिका म्हणाली. "तू उठूच शकत नायस. या फीशिवाय परीक्षेला बसू देणार नायत मला. एका दिवसानं काय होतंय?"

"रंगूलाही एका दिवसानं काय झालं नव्हतं," सकुबाई म्हणाली. पण तिला धाप लागली आणि पुढचं बोलणं राहिलं. पोरगी आईवरच गेली होती. एकदा ठरवलं की ठरवलं.

पहाटे भूमिका चुलीपाशी उठली तसे सकुबाईनंही डोळे उघडले. दाराशी गमबूट होते, आणि पोरगी त्यांच्याकडे पाहत वेणी घालत होती. सकुबाईनं गोधडीच्या आत मूठ हातात घेतली. सुतळी ओली होऊन घट्ट बसली होती. नखांनी निघेना तेव्हा तिनं दात लावले. तोंडात कडू, कुजकट चव आली. ती गाठ चावत राहिली आणि मनात म्हणत राहिली, रंगू, मला माफ कर गो. मेलेल्या माणसाला राबवतेय मी. तुझे जेवढे दिवस होतील तेवढे माझ्या अंगावर. पण माझ्या पोरीला आत येऊ देऊ नको.

गाठ सुटली.

खाली रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. भूमिका गडबडीनं दाराकडे वळली आणि म्हणाली, "आये, बूट कुठे गेले? आत्ता तर हितं होते."

ती ओसरीवर शोधत होती तेवढ्यात खाली टेम्पोचं मागचं फळकूट उघडल्याचा आवाज आला, मग आपटून लागल्याचा, आणि टेम्पो निघून गेला. एरवी तो एका बाईसाठी हॉर्नवर हॉर्न देत थांबायचा. आज जणू पाड्यावरची सगळी माणसं चढली होती.

भूमिका दारात खुळ्यासारखी उभी राहिली. सकुबाईनं डोळे मिटले. दिवसभर ती अंथरुणातून उठली नाही. उठलीच नाही, हे भूमिका शपथेवर सांगते. तापात ती अधूनमधून डावा हात वर करायची, खालून वर, खालून वर, आणि खोकायची. दुपारी तर तिला इतकी गाढ झोप लागली की भूमिकानं घाबरून नाकापाशी सूत धरून पाहिलं.

संध्याकाळी टेम्पो आला आणि बाईजामावशी चढण चढून दाराशी आली. तिच्या एका हातात गमबूट होते, दुसऱ्यात फडक्याच्या दोन मुठी. घरात पाऊल न टाकता तिनं सगळं उंबऱ्यावर ठेवलं.

"तुझी बदली म्हणाली, हे सकूला दे. तपासणी बरी झाली. जागा हाय तुझी." ती जायला वळली आणि थांबली. "सकाळी एकच होती गो. दुपारपासून दोघी होत्या आत. दुसरी पाठमोरी. म्हटलं तुला सांगावं..."

बाईजा गेली. सकुबाईनं लेकीला पाणी आणायला आत पाठवलं आणि मुठी उचलून दिव्याखाली धरल्या. पहिली रंगूची होती, सरळ पिळाची. दुसरीचा पीळ उलटा होता.

भूमिका पाणी घेऊन आली तोवर सकुबाईनं दोन्ही मुठी उशाखाली सारल्या होत्या. पोरीनं तांब्या देताना तिचा हात हातात घेतला, आणि उलटसुलट करून पाहत म्हणाली, "आये, तू दिवसभर गोधडीत होतीस ना? मग हात एवढे ओले कशानं? आणि हा कसला वास येतोय, क्लोरीनचा?"

"चिखल्या हायत," सकुबाई म्हणाली. "थोडी मेंदी लाव."

तिनं दोन कोरडे ठसके दिले आणि लेकीकडे पाठ करून कुशीवर वळली.